आयटीआर-१ की २, ३ की ४? रिटर्नचा फॉर्म निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयकर रिटर्नचा, म्हणजे आयटीआरचा, हंगाम सुरू झाला की आमच्या ऑफिसात खुर्चीत बसता बसता माणूस एकच वाक्य बोलतो: "आपलं काही विशेष नाही हो, साधाच फॉर्म आहे." मग पिशवीतून फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला, निघतो. चहा येईपर्यंत गावाकडचा ऊस निघतो, मग मुलाने मोबाइलवर उघडून दिलेलं शेअर्सचं खातं निघतं, आणि उठता उठता कळतं की साहेब एका कंपनीवर डायरेक्टरही आहेत. साधा फॉर्म चहाबरोबरच संपलेला असतो.

फॉर्म ठरतो तो वर्षभरात पैसा कुठकुठून आला आणि तुमच्या नावावर काय काय आहे यावरून. तुम्ही स्वतःला "नोकरदार" म्हणवता की "व्यापारी", याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

खालची उत्तरं आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या फॉर्मना धरून आहेत आणि कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. फॉर्ममधल्या अटीही दरवर्षी थोड्याफार हलतात. त्यामुळे पुढच्या वर्षी हेच पान उघडून डोळे मिटून भरू नका.

एकूण फॉर्म किती आहेत? माझ्या कामाचे कोणते?

सात आहेत. त्यातले ५, ६ आणि ७ हे भागीदारी संस्था, कंपन्या, ट्रस्ट वगैरेंचे, ते सोडून द्या. व्यक्तीसाठी उरले चार.

आयटीआर-१, म्हणजे "सहज": भारतात राहणारी व्यक्ती, एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, एक घर, व्याज-लाभांश, आणि शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत. आयटीआर-२: धंदा-व्यवसाय नाही, पण "सहज"मध्ये न बसणारं काहीतरी आहे. आयटीआर-३: धंदा किंवा व्यवसाय आहे, किंवा तुम्ही कुठल्या फर्ममध्ये भागीदार आहात. आयटीआर-४, म्हणजे "सुगम": धंदा-व्यवसाय आहे, पण नफा हिशेबाच्या वह्यांवरून न काढता ठरावीक टक्केवारीने दाखवायचा आहे, आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत आहे.

क्रमांक चढता आहे म्हणून अवघडपणाही चढता आहे असं समजू नका. ४ हा २ पेक्षा कितीतरी सोपा आहे.

मला फक्त पगार आहे. म्हणजे आयटीआर-१ च ना?

बहुतेक वेळा हो. पण "फक्त पगार" म्हणणाऱ्यांना मी काही प्रश्न विचारतो. वर्षात कधीही, एक दिवस का होईना, कुठल्या कंपनीचे संचालक होतात का? बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर्स होते का? परदेशात खातं, शेअर्स, काहीही? दुसरं घर? क्रिप्टो? लॉटरी किंवा ऑनलाइन गेममध्ये जिंकलेली रक्कम? घराचा मागच्या वर्षीचा तोटा पुढे ओढलेला आहे का? बँकेतून एवढी रोकड काढली का, की कलम १९४एन खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापला गेला?

एकालाही "हो" आलं, की आयटीआर-१ गेला. पगार कितीही कमी असू दे.

मी शिक्षक आहे. पगाराशिवाय गावी शेती आहे. शेतीला तर करच नाही, मग ती दाखवायची कशाला?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि उत्तर ऐकल्यावर चेहरा दरवर्षी तसाच पडतो.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही, हे खरं. पण ते ५,००० रुपयांच्या वर असेल आणि तुमचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात. आणि ५,००० ओलांडले की फॉर्म १ भरता येत नाही, २ घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. नवी करप्रणाली, प्रमाणित वजावट जाऊन करपात्र पगार ८ लाख, शेतीतून खर्च वजा जाता २ लाख.

आधी दोन्हींची बेरीज: १० लाख. त्यावर २०२४-२५ च्या दराने कर ५०,००० रुपये. मग शेतीचे २ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ३ लाख, असे ५ लाख. त्यावरचा कर १०,०००. वजाबाकी केली की ४०,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून भरायचे ४१,६००.

शेती दाखवलीच नसती तर ८ लाखांवर ३०,००० आणि उपकर मिळून ३१,२०० झाले असते. फरक १०,४०० रुपयांचा. "शेतीला कर नाही" या वाक्याची किंमत एवढी आहे. पण कारखान्याचं बिल थेट बँक खात्यात जमा होत असताना ती लपवून १०,४०० वाचवायला जाणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं, तर आयटीआर-२ मध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, एकरात क्षेत्र, मालकीची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं. सातबारा हाताशी घेऊन बसा.

सातबारावर माझं नाव आहे, पण शेती भाऊ करतो आणि पैसेही तोच घेतो. मग?

फॉर्म उत्पन्न विचारतो. सातबारावर नाव आहे म्हणजे उत्पन्न आलंच असं नाही. भावाने वर्षाकाठी तुमच्या वाट्याचे म्हणून पैसे पाठवले असतील, तर मात्र ते तुमचं शेतीउत्पन्न. तांदळाचं पोतं आणि शेंगांची पिशवी आली, एवढ्यावरून फॉर्म बदलायची गरज नाही.

दुधाचं, कोंबड्यांचं, आंब्याचं उत्पन्न शेतीत धरायचं का?

दूध आणि कुक्कुटपालन शेतीत येत नाही, तो धंदा. रोपवाटिकेचं उत्पन्न शेतीत येतं. बागेतला हापूस पेटी भरून विकलात तर शेती. त्याचा पल्प करून डबे भरून विकलात तर प्रक्रियेतून झालेला नफा धंद्यात जातो, आणि फॉर्म ३ किंवा ४ होतो. गोठ्यावर दोन म्हशी आणि डेअरीत रतीब, एवढंच असेल तरी ते डेअरीच्या पासबुकात दिसतं हे लक्षात असू द्या.

पुण्यात फ्लॅट आहे, त्याचं कर्ज चालू आहे. गावी वडिलोपार्जित घर आहे, ते बंदच असतं. भाडं एक रुपया नाही. तरी फॉर्म बदलतो?

बदलतो. आयटीआर-१ मध्ये घरासाठी एकच रकाना आहे. स्वतःच्या वापरातली दोन घरं शून्य मूल्याची धरता येतात, त्यामुळे कर एक पैसाही वाढत नाही, पण फॉर्म २ होतो. गावचं घर अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात असतील, तर ते त्यांचं घर, तुमचं नव्हे. वडिलांच्या पश्चात भावंडांच्या नावावर चढलं असेल, तर तुमचा वाटा म्हणजे तुमचं घरच.

नवरा-बायकोच्या नावावर मिळून एकच फ्लॅट असेल तर दोघांनाही आयटीआर-१ चालतो. जानेवारी २०२० मध्ये सामाईक मालकांना आयटीआर-१ बंद करणारी अधिसूचना निघाली होती, तिच्यावर एवढी ओरड झाली की त्याच महिन्यात ती अट मागे घेतली गेली. अजूनही काही जण ती जुनी बातमी मोबाइलवर दाखवायला घेऊन येतात.

म्युच्युअल फंडाची एसआयपी मोडली. ऐकलं की आता आयटीआर-१ मध्येही चालतं?

अर्धवट खरं आहे, आणि याच अर्धवटपणात बरेच जण अडकले.

या वर्षापासून आयटीआर-१ आणि ४ मध्ये शेअर्स व इक्विटी फंडांवरचा दीर्घ मुदतीचा नफा दाखवता येतो, पण तो १.२५ लाखांपर्यंत हवा आणि पुढे ओढायचा किंवा मागून आलेला भांडवली तोटा नको. एवढ्या नफ्यावर कर नाही, म्हणून ही सवलत. अल्प मुदतीचा नफा मात्र एक रुपया असला तरी आयटीआर-२.

आता एसआयपीचं बघा. चार वर्षं दरमहा ५,००० भरले आणि डिसेंबरमध्ये मुलीच्या फीसाठी सगळे काढले. तुमच्या मनात ही चार वर्षांची गुंतवणूक. फंडाच्या हिशेबात प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी. बारा महिन्यांपेक्षा जास्त धरलेली युनिटं दीर्घ मुदतीची, म्हणजे शेवटच्या वर्षभराचे हप्ते अल्प मुदतीचे निघाले. त्यावर दोन-तीन हजार नफा झाला असेल, पण तेवढ्याने आयटीआर-१ गेला. आधी घेतलेली युनिटं आधी विकली असं धरतात, त्यामुळे फक्त जुनेच हप्ते पुरतील एवढीच रक्कम काढली असती तर वाचला असता.

फंडाच्या वेबसाइटवरून किंवा रजिस्ट्रारकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मागवा, त्यात अल्प आणि दीर्घ वेगळं काढून मिळतं. या वर्षी आणखी एक कटकट आहे. २३ जुलै २०२४ पासून दर बदलले: अल्प मुदतीचा १५ वरून २० टक्के, दीर्घ मुदतीचा १० वरून साडेबारा. म्हणून आयटीआर-२ मध्ये त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची विक्री वेगळी मांडायची आहे.

सोनं, प्लॉट, फ्लॅट विकला असेल तर नफा असो वा तोटा, थेट आयटीआर-२.

मुलगा माझ्या नावाच्या खात्यावर इंट्राडे आणि ऑप्शन करतो. तोटाच झाला आहे, मग दाखवायचं काय?

खातं तुमचं, व्यवहार तुमचे, फॉर्म आयटीआर-३. एकाच दिवशी घेऊन विकलेले शेअर्स हा सट्ट्याचा धंदा धरतात, फ्युचर्स-ऑप्शन हा बिगरसट्ट्याचा धंदा. दोन्ही धंदेच. पगारदार माणसाला "माझा धंदा" हा शब्द टोचतो, पण कायद्याला टोचत नाही.

तोटा झाला असेल तर उलट जास्त निगुतीने दाखवा. ऑप्शनचा तोटा त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून, जसं व्याज किंवा भाडं, वजा करता येतो आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. इंट्राडेचा तोटा फक्त तशाच नफ्यातून, आणि चार वर्षंच. पुढे न्यायला एकच अट: रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. एक दिवस उशीर झाला तरी तो तोटा पुढे नेता येत नाही.

क्रिप्टो, गेमिंग ॲप, लॉटरी?

तिन्हींना आयटीआर-१ बंद. पगारासोबत असतील तर २. लॉटरी आणि ऑनलाइन गेममधल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के. क्रिप्टोच्या नफ्यावरही ३० टक्के, खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायलाही परवानगी नाही. ५०० रुपयांचं का होईना, एक टक्का टीडीएस कापलेला वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, येतो.

मी पतसंस्थेचा संचालक आहे. बँकेचे आणि साखर कारखान्याचे शेअर्सही आहेत. मला आयटीआर-१ चालत नाही असं एकाने सांगितलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच! फॉर्ममध्ये विचारलंय ते "कंपनी"चे संचालक आहात का, असं. सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था, सहकारी बँक, सहकारी साखर कारखाना, गृहनिर्माण संस्था या कंपन्या नव्हेत. त्यामुळे त्यांच्या संचालकपदावरून आयटीआर-१ अडत नाही. शेअर्सच्या बाबतीतही २०१९ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला होता की नोंद नसलेल्या शेअर्सचा तपशील कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांपुरताच द्यायचा, सहकारी बँक किंवा पतसंस्थेच्या शेअर्सचा नाही. त्यांच्यावरचा लाभांश मात्र इतर उत्पन्नात दाखवायचा आहे.

खरी फसगत दुसरीकडे होते. गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. कारभार सोसायटीसारखा चालतो, सभा समाजमंदिरात होते, म्हणून लोक तिला सोसायटीच समजतात. पण ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे. तिचे हजार रुपयांचे शेअर्स म्हणजे बाजारात नोंद नसलेले शेअर्स, आणि तिचा संचालक म्हणजे कंपनीचा संचालक. नोकरीला असलेल्या सभासदाला आयटीआर-२ लागतो. गेल्या हंगामात एक सभासद बाई मला म्हणाल्या, "अहो, मी तर फक्त सह्या केल्या होत्या." सह्या केल्या त्याच कागदावर डायरेक्टरचा क्रमांक होता.

कंपनीने अमेरिकेतल्या मुख्य कंपनीचे शेअर्स दिले आहेत. अजून विकलेले नाहीत.

आयटीआर-२. विकले नाहीत हा मुद्दाच नाही. भारतातल्या रहिवाशाने परदेशातली मालमत्ता परिशिष्ट एफए मध्ये दाखवायची असते, आणि ती आर्थिक वर्षाची नव्हे तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची. या रिटर्नसाठी ते वर्ष २०२४. हिंजवडी आणि खराडीतली तरुण मंडळी इथे हमखास चुकतात, कारण फॉर्म सोळामध्ये त्या शेअर्सचं मूल्य पगारात आलेलं असतं आणि वाटतं की विषय मिटला.

न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. पण दंड नाही याचा अर्थ दाखवायची गरज नाही असा होत नाही. लाभांशावर तिकडे कर कापला गेला असेल आणि त्याची वजावट हवी असेल, तर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो.

आम्ही गोव्याचे. आमच्या शेजाऱ्याला पगार आणि बँकेचं व्याज एवढंच आहे, तरी त्याच्या सीएने आयटीआर-२ भरला. चूक ना?

चूक नाही, सीए जागा आहे. गोव्यात, तसंच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवमध्ये, पोर्तुगीज नागरी संहितेतली पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, त्यांच्यासाठी आयकर कायद्यात कलम ५ए आहे. पगार ज्याचा त्याचा. बाकीचं उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, भांडवली नफा, धंदा, पती-पत्नीत निम्मं निम्मं विभागायचं. असं विभागलं जाणारं उत्पन्न असलं की आयटीआर-१ चालत नाही. विभागणीचं परिशिष्ट आयटीआर-२ आणि ३ मध्ये आहे, तिथे जोडीदाराचा पॅन टाकायचा आणि जोडीदाराने उरलेलं निम्मं आपल्या रिटर्नमध्ये घ्यायचं.

गंमत टीडीएसची होते. ठेव नवऱ्याच्या नावावर, टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर, पण निम्मं व्याज बायकोच्या रिटर्नमध्ये. तिथे टीडीएसही निम्मा विभागून घ्यावा लागतो, नाहीतर दोघांचेही आकडे जुळत नाहीत.

मी विम्याचं आणि पोस्टाच्या आरडीचं एजंटचं काम करते. आयटीआर-४ भरू का?

नाही ताई, ३. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला कलम ४४एडी, म्हणजे ठरावीक टक्केवारीने नफा दाखवायची सोय, लागू नाही, आणि ते लागू नसेल तर "सुगम" पण नाही. वर्षाचं कमिशन ६० हजार असो वा सहा लाख. मलाही हे जरा अन्यायाचं वाटतं, कारण सायकलवर किंवा स्कूटीवर फिरून पैसे गोळा करणाऱ्या बाईला ताळेबंदाचे रकाने असलेला फॉर्म भरावा लागतो. पण फॉर्ममध्ये हिशेबाच्या वह्या नसणाऱ्यांसाठी छोटा भाग आहे, तो वापरला की काम आटोपतं. कमिशन "इतर उत्पन्न" म्हणून आयटीआर-१ मध्ये घुसवण्याचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. टीडीएस विमा कमिशनच्या कलमाखाली दिसतो आणि विसंगती लगेच कळते.

मग आयटीआर-४ नक्की कुणासाठी?

किराणा, हार्डवेअर, मेस, गॅरेज, कोकणातला होमस्टे असे धंदे: कलम ४४एडी, उलाढाल २ कोटींपर्यंत, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. किमान ८ टक्के नफा दाखवायचा, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के.

डॉक्टर, वकील, इंजिनीयर, वास्तुरचनाकार, सीए, आयटीतले सल्लागार यांच्यासाठी कलम ४४एडीए: जमा ५० लाखांपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, आणि किमान निम्मी रक्कम नफा. चित्रपटांचे संवाद लिहिणारे, गीतकार, संकलक, कॅमेरामन हेही "चित्रपट कलाकार" या व्याख्येत येतात.

मालट्रक असतील तर कलम ४४एई, दहा गाड्यांपर्यंत. बारा टनांच्या वरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये, त्याखालच्या गाडीला महिना ७,५००. गाडी महिनाभर उभी होती हे कारण चालत नाही.

पगार आहे आणि संध्याकाळी घरून सॉफ्टवेअरचं काम करून पैसे मिळतात. दोन फॉर्म भरायचे?

एका माणसाचं एकच रिटर्न. आयटीआर-४ मध्ये पगाराचाही रकाना आहे. बाहेरच्या कामाची निम्मी रक्कम ४४एडीए खाली नफा दाखवली की झालं. पण याच वर्षी शेअर्सवर अल्प मुदतीचा नफा असेल तर ४ बाद, ३ आला.

मुलगा दुबईत आहे. इथे फक्त बँकेचं व्याज आहे.

अनिवासी असेल तर आयटीआर-२. १ आणि ४ दोन्ही अनिवासींना बंद आहेत. कलम ८७ए ची, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांचा कर माफ करणारी, सूटही अनिवासींना नाही, हे विसरून शून्य कर धरला की नोटीस येते. जहाजावर काम करणाऱ्यांनी आधी दिवस मोजावेत, सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरच्या तारखा जवळ ठेवाव्यात. फॉर्म त्यानंतर.

आईला वडिलांची कुटुंब पेन्शन मिळते. पगार म्हणून दाखवायची का?

नाही. ती "इतर उत्पन्न". तिथे एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यातलं कमी तेवढी वजावट मिळते. नव्या प्रणालीत या वर्षापासून १५,००० ऐवजी २५,०००. फॉर्म १ चालतो.

चुकीचा फॉर्म भरला गेला. आता?

घाबरू नका, पण ई-मेल बघत राहा. कलम १३९(९) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. योग्य फॉर्म भरून उत्तर दिलं की झालं. दुर्लक्ष केलंत तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि मग विलंब शुल्क, व्याज, बुडालेला तोटा अशी रांग लागते. चूक तुमच्याच आधी लक्षात आली तर नोटिशीची वाट न बघता सुधारित रिटर्न भरा. ते वेगळ्या फॉर्मवर भरलं तरी चालतं. या वर्षासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५.

सगळ्यात जास्त नोटिसा कुणाला येतात म्हणाल तर ऑफिसात बसून शंभर जणांचे रिटर्न एका झटक्यात, सगळे आयटीआर-१ वर, "फ्री"मध्ये भरून घेणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना.

शंका असेल तर मोठा फॉर्म भरून टाकला तर चालेल?

१ च्या ऐवजी २ भरला तर कुणी अडवत नाही. दोन घरं आहेत की एक, नफा अल्प की दीर्घ, अशी घालमेल असेल तर मी सरळ २ भरतो. उलटं मात्र जमत नाही.

जुनी करप्रणाली हवी असेल तर फॉर्म बदलतो का?

फॉर्म बदलत नाही, पण वाट बदलते. १ आणि २ वाल्यांनी रिटर्नमध्येच जुनी प्रणाली निवडायची, फक्त मुदतीच्या आत. ३ आणि ४ वाल्यांनी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरायचा. विमा एजंट ताईंना इथेही एक फॉर्म जास्त. त्या बिचाऱ्या अजून मला बोलतात.

उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. तरी रिटर्न लागतं का?

काही वेळा लागतं: वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर, परदेश प्रवासावर २ लाखांच्या वर खर्च, बचत खात्यात ५० लाख किंवा जास्त भरणा, टीडीएस २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांना ५०,०००), धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या वर किंवा व्यवसायाची जमा १० लाखांच्या वर. आणि टीडीएस परत हवा असेल तर रिटर्नशिवाय तो मिळत नाही.

शेवटची तारीख?

एरवी ३१ जुलै. या वर्षी ती १५ सप्टेंबर २०२५ झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढून १६. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्क ५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. त्यानंतर अद्ययावत रिटर्न, चार वर्षांपर्यंत, पण त्यात वरचा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि परतावा मागता येत नाही.

आजोबा ८२ वर्षांचे आहेत. त्यांना कागदावर भरायचं आहे.

भरू शकतात. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयटीआर-१ आणि ४ कागदावर देता येतो. पंचाहत्तरीच्या पुढे, पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत, दुसरं काही उत्पन्न नाही, अशांनी त्या बँकेत फॉर्म १२बीबीए दिला तर बँकच कर कापते आणि रिटर्न भरायची गरज राहत नाही.

फॉर्म बरोबर भरला, पोचपावतीही आली. आता काही राहिलं?

पडताळणी. आधारवरच्या ओटीपीने, नेट बँकिंगने, किंवा सही केलेली पावती बेंगळुरूला पाठवून, ३० दिवसांच्या आत. एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, कोपरा न मुडपता, जपून घेऊन आले होते. परतावा का येत नाही हे विचारायला. दोन्ही पावत्यांवर सहीची जागा कोरी होती.